झिऱ्यात न टाकलेला रंग

हेमचंद्र पुराणिकांना जबलपुरात कोणी विचारलं, "सर, आप पढ़ाते क्या हैं?" तर ते सांगत, "मिट्टी." समोरचा हसायचा. मग ते गंभीर चेहऱ्यानं दुरुस्ती करत, "म्हणजे, जास्त करून रेती." अहो, माणसानं जन्मभर रेती शिकवावी आणि वर त्याचा अभिमान बाळगावा, तर लोक हसणारच! पुराणिकांना त्याचं काही वाटत नसे. एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. जमिनीला हात लावण्याआधी तिच्यातलं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, ते आधी शोधा. जो विसरेल त्याला ते वर्गात उभं करून असं धुवायचे की पोरगं आठवडाभर मान वर करत नसे.

राहायला ते शहरातल्याच अधारतालला. घराणं मराठ्यांच्या चाकरीत कधीकाळी इकडं आलेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भांडण झालं की दोन्ही. बायको सुहासिनी शाळेत शिकवायची. मुलगा तनय मराठीतलं सगळं ऐकून घ्यायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा.

वर्गात वाघ असलेला हा माणूस एका ठिकाणी मात्र शेळी व्हायचा, आणि ते ठिकाण म्हणजे त्यांची थोरली बहीण, विनताताई. आई लवकर गेली. हेमूला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याच्या कानशिलात लगावण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. केस पिकले, प्रोफेसर झाले, पण ताईनं नुसतं "हेमू" म्हटलं की पुराणिक खुर्चीवरून उठून उभे राहत.

ताईचे यजमान श्रीकांतभाऊजी जबलपूरजवळच्या पाटनच्या पुढं हिरण नदीकाठच्या एका वस्तीत शाळामास्तर होते. बाकीचे मास्तर वशिला लावून शहराकडं पळाले. हा गृहस्थ तिथंच रमला आणि नदीच्या उंच काठावर त्यानं चार खोल्यांचं घर बांधलं. काठाच्या पायथ्याशी वाळूत कायम ओल दिसायची. तिथं त्यांनी स्वतः खणून गुडघाभर खोल झिरा केला आणि कडेनं दगड लावले. ऐन ज्येष्ठातसुद्धा त्यात गोड पाणी पाझरून जमायचं. वस्तीतल्या बाया सकाळी घडे घेऊन यायच्या, वाटीनं पाणी भरायच्या, आणि घडा भरेस्तोवर गप्पा.

भाऊजी गेले. मूलबाळ नव्हतं. पुराणिकांनी बहिणीला अधारतालला आणलं. बाई महिनाभरही टिकली नाही.

"तुझ्या घरी पाणी नळातून येते हेमू, अन् माणसं येतच नाहीत," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून परत गेली.

खोटं नव्हतं ते. तिकडं ती मास्टरनी बाई होती. रोज सकाळी झिऱ्याकाठच्या दगडावर बसायची. कोणाच्या पोरीचं सासर कसं निघालं, कोणाचं पोर तापलं, कोणती गोळी जेवणाआधीची, सगळं तिथं चालायचं. लहान पोरींना ती तिथंच वाळूवर बोटानं पाढे शिकवायची. ताईचा संसार म्हणाल तर तो झिरा होता, वरचं घर फक्त निजायला.

आणि नेमकं ते घर नदी खायला निघाली होती.

नदीचं वळण तिथं काठाला घासून जातं. काठ नुसता वाळूचा. दर पावसाळ्यात त्याचा एक लचका जायचा. आधी लिंबाचं झाड गेलं, मग न्हाणीघर. आता स्वयंपाकघराची भिंत काठापासून चार हातांवर आली होती. सिमेंटची भिंत घालायची तर जड यंत्रं त्या उतारावर जात नाहीत, आणि एकट्या घरासाठी सरकार कशाला हलतं! आणखी एखाददुसरा पूर आला की घर नदीत आणि ताई कायमची अधारतालला. तिलाही ते कळत होतं.

"तिथं नेऊन मारण्यापेक्षा हेमू, मला इथंच घरासकट वाहून जाऊ दे," ती म्हणाली. ती रडली नाही, पण पुराणिकांना रात्रभर झोप लागली नाही.

त्यांच्याकडे एक उपाय होता. दीप्ती नावाची त्यांची एक विद्यार्थिनी मायक्रोबायोलॉजीवाल्यांच्या मदतीनं प्रयोगशाळेत जिवाणू वाढवत होती. साधे मातीतलेच जिवाणू. त्यांना युरिया द्यायचा आणि कॅल्शियमचं मीठ द्यायचं. युरिया खाऊन ते असं काही करतात की वाळूच्या कणाकणांमध्ये चुन्याचा पातळ थर धरतो, आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाच्या तळाला धरतो तसा. कण एकमेकांना चिकटतात. मोकळी रेती दगडासारखी उभी राहते, आणि तिच्यातून पाणी जाणंही बंद होतं. पाइपात भरलेल्या रेतीतून पाणी जितकं कमी जाईल, तितकी दीप्ती खूश आणि तिचे सर त्याहून खूश.

पुराणिकांनी तसला एक वाळूचा दांडा ताईच्या हातात दिला. तिनं तो पायरीवर आपटून पाहिला. टण्ण वाजला.

"अगं बाई! हे जिवाणूंनी केलं?"

"हो."

"दह्यातले असतात तसले?"

"त्यांचेच लांबचे भाऊबंद समज."

"अन् पगार काय त्यांना?"

"युरिया."

ताई पदराला डोळे पुसेपर्यंत हसली. भाऊजी गेल्यापासून ती अशी हसली नव्हती, आणि तिथंच पुराणिकांनी ठरवलं की हे काम करायचंच.

आता जे झालं ते नीट ऐका, कारण सगळं त्यातच आहे. काम सुरू करण्याआधी पुराणिकांनी नियमाप्रमाणे एक बाटली आणली होती. हिरवा रंग. तपासणीसाठीच बनवलेला, पोटात गेला तरी काही होत नाही असा. स्वयंपाकघरामागं एक भोक पाडायचं, त्यात रंग आणि बादलीभर पाणी ओतायचं आणि खाली झिऱ्यावर नजर ठेवायची. झिऱ्यात हिरवा उतरला तर समजायचं की पाणी काठातून येतं. नाही उतरला तर ते दुसरीकडून येतं. पोरांना ते हीच गोष्ट शिकवत आले होते.

ताई पायरीवर उभी होती. "काय करून राहिला रे?"

"रंग टाकतो ताई. पाण्याची वाट कळते."

"झिऱ्यात रंग उतरेल?"

"उतरलाच तर. निरुपद्रवी असतो तो."

"हेमू!" ताईचा आवाज असा चढला की दीप्तीनं हातातली बादली खाली ठेवली. "इथं होळीच्या दिवशी रंग लागलेलं माणूस झिऱ्याच्या पायऱ्या उतरत नाही. आधी नदीत अंग धुते, मग येते. अकतीला, अक्षय्य तृतीयेला, बाया उपाशी राहून, चपला वर ठेवून, हातानं वाळू काढतात. अन् मास्तरांचा मेव्हणा त्यात बाटलीतला रंग ओतणार? उद्या हिरवं पाणी दिसलं तर कोणती बाई तिथून घडा उचलेल? काहून करतो हे असलं? ते पाणी खालून येते, पाताळातून. हे नेहमी सांगायचे."

खरंच, भाऊजी तसं सांगायचे. घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात ही गोष्ट व्हायची: श्रीकांतनं पहिली कुदळ मारली आणि पाताळातून पाणी वर आलं. पुराणिकांनी ती इतक्या वेळा ऐकली होती की ती तपासायची असते हेच त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्यांनी त्याला धारेवर धरलं असतं. इथं त्यांनी मान खाली घातली आणि बाटली पिशवीत टाकली.

"सर, टेस्ट?" दीप्तीनं हळूच विचारलं.

"राहू दे. पाणी खालून येतं," पुराणिक म्हणाले.

मे महिन्याच्या सुट्टीत काम झालं. काठात पाइपांच्या रांगा ठोकल्या. आधी जिवाणूंचं गढूळ पाणी, मग त्यांचं खाणं, मग पुन्हा जिवाणू. रामकली नावाची ताईची मैत्रीण कमरेवर घडा घेऊन बघत उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मास्टरनी बाई के भैया किनारे को कीड़े पिला रहे हैं." सगळ्या बाया खिदळायच्या. अमोनियाच्या उग्र वासानं पोरांचे डोळे चुरचुरायचे. पण काठ घट्ट होत गेला. आधी बोट घुसायचं, मग खिळा घुसेना, आणि शेवटी कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या आल्या. पुराणिकांनी त्या काठावर हात फिरवला आणि कोणी बघत नाही असं पाहून त्याला हळूच थोपटलं.

दुसऱ्याच सकाळी रामकली धावत वर आली. "मास्टरनी बाई, पानी में से बास आ रही है!"

पुराणिक चपला सोडून खाली उतरले. ओंजळ नाकाजवळ नेली. अमोनिया! त्यांची पाचावर धारण बसली. सगळ्या वस्तीला त्यांनी हात जोडून सांगितलं, हे पाणी पिऊ नका. पाटनहून टँकर मागवला. रोज झिऱ्यातलं पाणी बाटलीत घेऊन तपासत बसले. वास उतरत गेला, आणि एक दिवस तो अजिबात राहिला नाही. पाठोपाठ पाऊस आला, नदी चढली, झिरा पाण्याखाली गेला. पुराणिकांचा जीव भांड्यात पडला.

त्या पावसाळ्यात हिरण दोनदा घोंघावत आली. पलीकडच्या काठावरची दोन बाभळीची झाडं मुळासकट गेली. ताईचा फोन आला, आणि पुराणिक नेहमीप्रमाणे उभे राहिले.

"हेमू, काठ उभा आहे रे! इकडचा तुकडासुद्धा हलला नाही!"

पुराणिक तडक कमानिया गेटला गेले आणि तिथल्या गर्दीत धक्के खात खव्याची जलेबी घेऊन आले. कॉलेजात शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत वाटली. सुहासिनी म्हणाली, "पोराच्या वेळी नव्हती वाटली इतकी." खुशाल म्हणू दे. आयुष्यात पहिल्यांदा आपण ताईसाठी काही केलं असं त्यांना वाटत होतं.

दिवाळीनंतर नदी उतरली. झिरा पुन्हा उघडा झाला. एका फोनमध्ये ताई सहज बोलून गेली, "पाणी जरा सावकाश येऊन राहिलं आहे. बायांना बरंच आहे, गप्पा वाढल्या." संक्रांतीला ती म्हणाली, "आता एकेक घडाच मिळते सगळ्यांना, पाळीपाळीनं." आणि त्यानंतर तिनं पाण्याचा विषयच काढला नाही. पुराणिकांनी दीप्तीला गाडीत घेतलं आणि ते वस्तीवर गेले.

झिऱ्याच्या तळाशी हातभर डबकं होतं. पुराणिक वाकून काठाची ती घट्ट, राखाडी भिंत बघत राहिले. ओलीचा डागसुद्धा नव्हता तिच्यावर. दीप्तीनं भिंतीला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "सर, पाणी खालून येत असतं, तर काठातला अमोनिया झिऱ्यात आला कसा?"

तो वासच रंग होता. टाकू न दिलेली तपासणी जिवाणूंनी आपणहून करून दाखवली होती, ओंजळीत आणून, नाकाजवळ. आणि पुराणिक वास कधी जातो याचीच वाट बघत बसले होते. वास ज्या वाटेनं येत होता ती वाटच बुजली, म्हणून तो गेला होता. हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळलं असतं. त्या पोराला न कळतं, तर याच पुराणिकांनी त्याला उभं केलं असतं.

मग त्यांनी काय काय केलं ते सांगून उपयोग नाही, पण केलं. पहारीनं भोकं पाडली. हातानं फिरवायचा गिरमिट आणून काठात पाइप घातला. दोन दिवस ओली वाळू निघाली, बायांच्या डोळ्यांत आशा आली आणि तिसऱ्या दिवशी पाइप कोरडा. अडलेलं पाणी एव्हाना दुसरीकडून निघून गेलं होतं. वळणापलीकडच्या घळीत, म्हशी लोळतात तिथं, नवा चिखल झाला होता. त्यातून घडा काय, वाटीसुद्धा भरण्यासारखी नव्हती.

"ॲसिडनं विरघळतं, सर," दीप्ती म्हणाली. पिण्याच्या पाण्यात ॲसिड घालायचं? आणि चुना विरघळला की काठ मोकळा, काठ मोकळा झाला की घर नदीत. एवढं करूनही पाणी जुन्या वाटेला परत येईल, हे कोण सांगणार?

कोणी त्यांना एका शब्दानं बोललं असतं तरी बरं वाटलं असतं. तसंही झालं नाही. रामकली जवळ आली आणि अगदी सरळ मनानं म्हणाली, "भैया, आप ने ही बंद किया है, तो आप ही खोल दो. आप तो पढ़े-लिखे हो." पुराणिक "हां, देखते हैं" म्हणाले आणि त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं. रेतीचा दगड करायला ते शिकले होते. त्या दगडाची परत रेती करून त्यातून पाणी वाहतं करायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

होळीपर्यंत झिरा ठणठणीत कोरडा झाला. बाया आता वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, सडकेवरच्या हातपंपावर जायच्या. ते पाणी मचूळ, रांग लांब, उन्हाचा कडाका. ताईच्या घरावरून जायची वाट उरली नाही. सुरुवातीला रामकली मुद्दाम वळसा घालून यायची, पण डोक्यावर घडा घेऊन रोज कोण वळसा घालणार? ताई मात्र सकाळी नेमानं दगडावर जाऊन बसायची. समोरच्या वाळूवर पाढे लिहायला कोणी येत नसे.

रंगपंचमीनंतरच्या शनिवारी पुराणिक गेले, तर ताईनं चहाच्या आधीच विचारलं, "तो रंग आहे का रे तुझ्याकडे अजून?"

बाटली पिशवीच्या तळाशी तशीच होती. त्यांनी ती वर्षभर बाहेर काढली नव्हती.

"टाक," ताई म्हणाली.

"ताई, आता..."

"टाक म्हणते ना. तेव्हा मी टाकू नाही दिला. आता देऊन राहिली."

तिनं पाणीसुद्धा आणून ठेवलं होतं. सडकेवरच्या हातपंपावरून, या वयात, दोन बादल्या. भरलेल्या बादल्या बघून पुराणिक भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी स्वयंपाकघरामागं पहारीनं पाडलेल्या भोकात रंग ओतला. त्यावर ताईनं आणलेलं पाणी ओतलं.

ताईनं श्रीकांतभाऊजींचं एक जुनं पांढरं धोतर फाडून त्याचं फडकं केलं होतं. ते तिनं झिऱ्याच्या तळाशी अंथरलं आणि चारी कोपऱ्यांवर गोटे ठेवले. "थेंबभर जरी आला तरी दिसेल," ती म्हणाली. चपला तिनं वरच काढल्या होत्या. पुराणिकांनीही काढल्या.

ती दोघं तिथं बसून राहिली. रंगाला वेळ लागतो, असं पुराणिकांनी सांगितलं आणि ते खरंही होतं. रविवारी पुन्हा बसली. ऊन अंगावर आलं की ताई पदर पुढं ओढायची. मध्येच तिनं विचारलं, "तेव्हा टाकला असता तर हिरवा आला असता का रे?"

पुराणिकांनी आयुष्यात ताईशी खोटं बोलायची हिंमत केली नव्हती. "काय सांगावं ताई," ते म्हणाले, "भाऊजी म्हणायचेच ना, खालून येतं."

ताईनं त्यांच्याकडं पाहिलं. लहानपणी चोरून गूळ खाल्ल्यावर बघायची तसं. पण या वेळी तिनं नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात पुराणिकांना सहन होईना.

सोमवारी दुपारी ताई उठली. तिनं गोटे बाजूला केले, फडकं उचललं आणि झटकलं. त्यातून कोरडी वाळू पडली. फडकं पांढरंच होतं. तिनं ते नीट घडी करून कमरेला खोचलं.

"चल," ती म्हणाली. "सुहासिनीला फोन कर. माझं सामान काही फार नाही."

ताई पायऱ्या चढून वर गेली. ते चपला हातात घेऊन तिच्या मागं निघाले. वर काठावर घर जसंच्या तसं उभं होतं.